मायक्रॉनशी गाठ
मिलिमीटर आणि टेराहर्ट्झ लहरींसाठी वेव्हगाइड, अँटेना आणि फिल्टर घडवण्याविषयीच्या पुस्तकाची प्रस्तावना

पितळेच्या ठोकळ्यात एक आयताकृती पोकळी कोरायची आहे. ड्रॉइंगवर लांबी दिलेली आहे आणि मशिनवर ती दहा मायक्रॉनने जास्त कोरली गेली. दहा मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. चांगल्या टूलरूममध्येही बऱ्याच जॉबना एवढा फरक माफ असतो. ही पोकळी १० गिगाहर्ट्झच्या फिल्टरमधली असेल, तर तिची लांबी २० मिमीच्या आसपास असते आणि या चुकीने तिची फ्रिक्वेन्सी साधारण ३ मेगाहर्ट्झने सरकते. वरचा ट्यूनिंग स्क्रू थोडा मागे घेतला की काम भागतं. तोच फिल्टर ३०० गिगाहर्ट्झसाठी करायचा ठरला, तर पोकळीची लांबी उरते जेमतेम ०.६ मिमी, आणि त्याच दहा मायक्रॉनने फ्रिक्वेन्सी ३ गिगाहर्ट्झपेक्षाही जास्त सरकते. चूक तेवढीच, परिणाम हजारपट. शिवाय एवढ्याशा पोकळीत स्क्रू बसवायला जागा कुठली? मशिनवरून जे उतरलं ते तसंच वापरायचं, नाहीतर ठोकळा भंगारात टाकायचा.

हा हिशेब पहिल्याच पानावर मांडला, कारण पुढचं सगळं पुस्तक त्याच्याभोवती उभं आहे. इलेक्ट्रॉनिक्स शिकताना आपण सर्किट चिन्हांनी काढतो. रेझिस्टर, कपॅसिटर, त्यांना जोडणारी रेघ. रेघ दोन सेंटिमीटरची की पाच, याने कागदावर काही बिघडत नाही, आणि कमी फ्रिक्वेन्सीला प्रत्यक्षातही फारसं बिघडत नाही. लहरीची लांबी वस्तूच्या लांबीएवढी व्हायला लागली की ही सवलत संपते. तारेचं एक वळण इंडक्टर होऊन बसतं, दोन पट्ट्यांमधली फट कपॅसिटर होते, पोकळ नळीची रुंदी ठरवते की कोणती लहर आत शिरणार आणि कोणती तोंडाशीच परतणार. इथे आकार हेच सर्किट असतं. म्हणून डिझाइन करणारा आणि जॉब बनवणारा यांचं आपापल्या खोलीत बसून भागत नाही. इंजिनिअरला एंड मिल कोपऱ्यात केवढी त्रिज्या सोडते हे ठाऊक हवं, आणि मशिनिस्टला कोणत्या कडेवरचा बर चालतो व कोणत्या कडेवरचा सगळा जॉब मातीत घालतो, हे ठाऊक हवं. मराठीत या दोघांना एका टेबलाशी बसवणारं पुस्तक असावं, एवढीच या लेखनामागची इच्छा आहे. मी स्वतः नरखेड तालुक्यातला. आमच्याकडची बरीच मुलं दहावीनंतर आयटीआयला जातात, काही नागपुरात इंजिनिअरिंगला जातात, आणि दोघांच्या वाटा हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत एकमेकींना छेदतात. लिहिताना तीच मुलं माझ्या डोळ्यांपुढे होती.

आधी हद्द सांगतो. ३० गिगाहर्ट्झला लहर १० मिमी लांब असते, ३०० गिगाहर्ट्झला १ मिमी. या दोन टोकांमधला पट्टा मिलिमीटर लहरींचा. त्यापुढे, अवरक्त प्रकाशाच्या अलीकडे, टेराहर्ट्झचा प्रदेश लागतो. त्याची सीमा कोणी ०.१ ते १० टेराहर्ट्झ धरतं, कोणी ०.३ ते ३. १ टेराहर्ट्झची लहर ०.३ मिमीची. या प्रदेशात वेव्हगाइड लहरीला एका जागेहून दुसऱ्या जागी नेतं, अँटेना तिला मोकळ्या हवेत सोडतो किंवा हवेतून उचलतो, आणि फिल्टर हवा तेवढाच पट्टा पुढे जाऊ देतो. नावं तीन असली तरी वस्तू एकाच कुळातल्या आहेत. वेव्हगाइडचं तोंड हळूहळू रुंदावत नेलं की हॉर्न अँटेना होतो, आणि त्याच्या आत ठरावीक अंतरांवर पडदे उभे केले की फिल्टर होतो.

हे कुळ ओळखायला सगळ्यांत चांगली जागा म्हणजे कॉलेजातला एक्स-बँडचा बेंच. महाराष्ट्रातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बहुतेक जुन्या विभागांत तो आहे: रिफ्लेक्स क्लायस्ट्रॉन किंवा गन डायोड, आयसोलेटर, अटेन्युएटर, फ्रिक्वेन्सी मीटर, आणि मध्ये खाच पाडलेली लांब नळी, स्लॉटेड लाइन. नळीचं आतलं माप २२.८६ × १०.१६ मिमी. रुंदीच्या दुपटीपेक्षा लांब असलेली लहर तिच्यातून जात नाही, म्हणून ६.५६ गिगाहर्ट्झच्या खाली ती बंद असते. १० गिगाहर्ट्झ लावून प्रोबची गाडी सरकवली की मीटरचा काटा पडतो, चढतो, पुन्हा पडतो. दोन पडझडींमधलं अंतर मोजलं तर जवळपास २० मिमी येतं. मोकळ्या हवेतली अर्धी लहर १५ मिमीची, मग इथे २० कसे? नळीत लहर दोन्ही बाजूंच्या भिंतींवर तिरकी आपटत पुढे जाते, म्हणून नळीच्या दिशेने मोजल्यावर ती ताणलेली दिसते. जर्नलमध्ये हे वाचन सगळेच लिहितात. माझा आग्रह असा की त्याच वेळी नळीवरची खाचही नीट पाहावी. ती रुंद भिंतीच्या बरोबर मधोमध आहे. त्या मध्यरेषेला आडवा छेदून जाणारा प्रवाह तिथे नसतो, प्रवाह तिच्या कडेने वाहतो. म्हणून तिथे धातू कापला तरी लहरीला जवळपास कळतच नाही. खाच जरा बाजूला सरकवली, तर तीच खाच अँटेना होऊन ऊर्जा बाहेर फेकू लागेल.

ही एक गोष्ट पक्की बसली की ३०० गिगाहर्ट्झचा अर्धा धडा झाला. तिथे नळी बाहेरून सहज बनवून आणता येत नाही, कारण तिचं आतलं माप ०.८६४ × ०.४३२ मिमी असतं. मग धातूचे दोन ठोकळे घेतात, प्रत्येकात अर्धी नाली कोरतात आणि ते एकमेकांवर घट्ट आवळतात. जोड कुठे ठेवायचा? रुंद भिंतीच्या मध्यरेषेवर, जिथे स्लॉटेड लाइनची खाच असते. जगभरातल्या रेडिओ खगोलशास्त्राच्या रिसीव्हरमधले असे दुभंग ठोकळे याच रेषेवर दुभंगलेले असतात. सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी नुकसान थोडं होतं. जोड भलत्या जागी धरला, तर आरशासारखं फिनिशिंगही उपयोगी पडत नाही.

इतिहास कोलकात्यापासून सांगणं रास्त आहे. १८९४ नंतरच्या काही वर्षांत प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी २५ मिमीपासून ५ मिमीपर्यंतच्या लहरी निर्माण केल्या. आजच्या भाषेत ही मजल ६० गिगाहर्ट्झपर्यंत जाते. हॉर्न, पोकळ नळीतून लहर सोडणं, दोन प्रिझममधली फट बदलून तीव्रता कमी-जास्त करणं, वळलेल्या तागाच्या जुडीने लहरीची दिशा फिरवणं, हे सगळं त्यांच्या टेबलावर होतं. गॅलेना स्फटिकाच्या त्यांच्या डिटेक्टरला १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी ही उपकरणं दाखवली. ती घडवायला हाताशी होता एक स्थानिक टिनकाम करणारा कारागीर, असं त्यांच्या चरित्रांत नोंदलेलं आहे. त्याचं नाव शास्त्राच्या पुस्तकांत येत नाही, पण मिलिमीटर लहरींच्या पहिल्या प्रयोगशाळेत भौतिकीचा प्राध्यापक आणि पत्रा कापणारा कारागीर शेजारी शेजारी उभे होते, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्याच १८९७ मध्ये लॉर्ड रॅली यांनी पोकळ नळीतून विद्युत लहर कशी जाईल याचं गणित मांडलं. नंतर चार दशकं कोणी तिकडे वळलं नाही, कारण मार्कोनींच्या लांब लहरी समुद्र ओलांडत होत्या आणि सगळ्यांचं लक्ष दूरवर पोहोचण्याकडे होतं. १९३६ मध्ये अमेरिकेत बेल लॅबचे साउथवर्थ आणि एमआयटीचे बॅरो यांनी एकमेकांना न कळवता वेव्हगाइड पुन्हा शोधलं. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीत या विद्येची अक्षरशः फॅक्टरी उभी राहिली, आणि युद्धानंतर तिथलं ज्ञान २८ खंडांत छापलं गेलं. त्यातला मार्कुव्हिट्झ यांचा वेव्हगाइडवरचा खंड आजही उघडावा लागतो.

मिलिमीटर लहरींना खरी गरज दिली ती खगोलशास्त्राने. १९७० मध्ये विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियास यांनी ओरायन तेजोमेघात कार्बन मोनॉक्साइडची ११५ गिगाहर्ट्झवरची रेषा पकडली आणि तारे जिथे जन्मतात ते थंड ढग एकाएकी दिसू लागले. त्याच दशकात बेल लॅबने न्यू जर्सीत सुमारे १४ किलोमीटर लांबीचं गोल वेव्हगाइड जमिनीखाली घालून टेलिफोनची वाहतूक मिलिमीटर लहरींवर नेऊन दाखवली. प्रयोग तांत्रिकदृष्ट्या यशस्वी झाला आणि तरीही गुंडाळला गेला, कारण तोवर काचेच्या तंतूतून प्रकाश स्वस्तात जाऊ लागला होता. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. चांगलं डिझाइन केलेली वस्तू वापरात येईलच असं नाही. शेजारच्या तंत्राने वाट अडवलेली असू शकते.

महाराष्ट्राची या विषयातली कमाई मात्र लांब लहरींपासून सुरू होते. १९६५ मध्ये कल्याणजवळ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या (टीआयएफआर) सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाहून भेट मिळालेल्या ३२ छोट्या डिश उभारून ६१० मेगाहर्ट्झची दुर्बीण चालवली. त्या कामातून वाढलेली परंपरा जुन्नर तालुक्यातल्या खोडदला जाऊन पोहोचली. तिथल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० डिश प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत आणि त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, तर ०.५५ मिमी जाडीच्या स्टीलच्या तारेच्या जाळीचा आहे. मध्यभागी जाळीची घरं १० मिमीची, कडेला २० मिमीची. २१ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब लहरीला ही घरं दिसतच नाहीत, तिच्या लेखी तो अखंड आरसा आहे. त्यामुळे वारा जाळीतून आरपार जातो आणि सांगाडा हलका, स्वस्त ठेवता येतो. लहरीच्या लांबीने मिळणारी सूट किती हुशारीने वापरता येते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मिलिमीटर लहरींना ही सूट नाही. चिलीतल्या ५००० मीटर उंच पठारावरच्या अल्मा दुर्बिणीच्या डिशचा पृष्ठभाग २५ मायक्रॉनच्या आत अचूक ठेवावा लागतो, आणि तोही उन्हातान्हात, वाऱ्यात, मोकळ्यावर.

लहान लहरींकडे आपली माणसं दोन वाटांनी गेली. एक वाट आकाशातून. टीआयएफआरने हैदराबादहून बलूनला बांधून सोडलेल्या १०० सेंटिमीटरच्या दुर्बिणीने १५८ मायक्रॉनवरची आयनित कार्बनची रेषा टिपली, म्हणजे १.९ टेराहर्ट्झवरचं काम. जमिनीवरून ही लहर दिसत नाही, हवेतली वाफ ती गिळून टाकते. दुसरी वाट वर्कशॉपमधून. टीआयएफआरमध्ये १९७७ ला सुरू झालेल्या मायक्रोवेव्ह उत्पादनांच्या विभागातून १९८४ मध्ये समीर ही संस्था आकाराला आली आणि पवईला आयआयटीच्या आवारात स्थिरावली. समीरने बनवलेलं कर्करोगावरच्या उपचाराचं रेषीय त्वरक आपल्या सेवाग्रामच्या रुग्णालयात बसवलं गेलं. त्याच्या पोटात ३ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणाऱ्या तांब्याच्या पोकळ्यांची माळ असते, मायक्रॉनच्या हिशेबात कोरलेली. फ्रिक्वेन्सी वेगळी, पण शिस्त या पुस्तकातलीच. पुस्तकांचं म्हणाल तर समीर आणि आयआयटी मुंबई यांच्या मधल्या भिंतीपलीकडच्या सहकार्यातून गिरीश कुमार आणि के. पी. रे यांचं ब्रॉडबँड मायक्रोस्ट्रिप अँटेनांवरचं पुस्तक २००३ मध्ये आलं, आणि रघुनाथ शेवगावकरांनी विद्युतचुंबकीय लहरींवर लिहिलेलं पाठ्यपुस्तक व त्यांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं हजारो विद्यार्थ्यांनी पाहिली-वाचली आहेत. गणितासाठी मी वाचकांना त्यांच्याकडेच पाठवतो.

आता या क्षेत्रातली घराणी. पहिलं आणि सगळ्यांत जुनं घराणं कोरलेल्या धातूचं. त्याची ताकद म्हणजे कमी तोटा, पण तोही सापेक्ष. १० गिगाहर्ट्झच्या तांब्याच्या नळीत मीटरमागे ०.१ डेसिबलच्या आसपास शक्ती जाते. माप लहान आणि फ्रिक्वेन्सी दहापट केली की तोटा साधारण तीसपट होतो. १०० गिगाहर्ट्झला मीटरमागे ३ डेसिबल, म्हणजे निम्मी शक्ती वाटेतच खलास. १ टेराहर्ट्झला तर नळी सेंटिमीटरच्या भाषेतच वापरायची. यात पृष्ठभागाचा खडबडीतपणा भर घालतो. १०० गिगाहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या वरच्या ०.२ मायक्रॉनमध्येच वाहतो, आणि साध्या मिलिंगने सोडलेल्या खुणा त्याहून खोल असतात. प्रवाहाला प्रत्येक खुणेच्या उतारावरून चढत-उतरत जावं लागतं. म्हणून सोन्याचा मुलामा, म्हणून धारदार नवं कटर, म्हणून तांब्याऐवजी कधी सहज कापलं जाणारं टेल्युरियम तांबं. आमच्या एमआयडीसीतला वायरकटवाला हे वाक्य वाचून मान डोलवेल याची मला खात्री आहे.

दुसरं घराणं पट्ट्यांचं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला स्ट्रिपलाइन आणि मायक्रोस्ट्रिप आल्या: इन्सुलेटरच्या तक्त्यावर तांब्याची पट्टी, खाली तांब्याची जमीन. छापील सर्किटसारखं बनवता येतं, म्हणून स्वस्त, म्हणून सर्वत्र. १९७०च्या दशकात याच पट्टीचा रुंद चौकोन अँटेना म्हणून रूढ झाला. २६ गिगाहर्ट्झला असे चौकोन एकमेकांपासून ६ मिमीपेक्षाही कमी अंतरावर बसतात, त्यामुळे आठ बाय आठ अशा ६४ अँटेनांची रांग पाच सेंटिमीटरच्या चौकोनात मावते आणि धातूचा एकही भाग न हलवता किरण हव्या त्या दिशेला वळवता येतो. मात्र फ्रिक्वेन्सी वाढली की तक्त्यातला तोटा, पट्टीतून गळणारी ऊर्जा आणि तक्त्याच्या जाडीने उठणाऱ्या नको त्या लहरी हे सगळं एकदम अंगावर येतं.

तिसऱ्या घराण्याने या दोघांचा संसार जुळवला, आणि मला ते सगळ्यांत जवळचं वाटतं. तक्त्यात दोन ओळींत भोकं पाडायची, त्यांच्या आतून तांबं चढवायचं, आणि त्या भोकांच्या ओळी म्हणजे नळीच्या दोन भिंती समजायच्या. भोकांमधलं अंतर लहरीच्या मानाने पुरेसं लहान असेल तर लहर बाहेर डोकावत नाही, जसं खोडदच्या जाळीतून ती निसटत नाही. १९९८ मध्ये जपानमध्ये हिरोकावा आणि आंदो यांनी, आणि २००१ पासून कॅनडात के वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना पुढे नेली. साध्या पीसीबी बनवणाऱ्याकडून चांगला फिल्टर करून घेता येतो, हे या घराण्याचं देणं. २००९ मध्ये स्वीडनच्या पेर-सिमोन शिल्दाल यांनी आणखी धीट पाऊल टाकलं. दोन धातूच्या तुकड्यांना एकमेकांना टेकूच द्यायचं नाही, मध्ये फट ठेवायची, आणि खालच्या तुकड्यावर पाव लहर उंचीच्या छोट्या खुंट्यांचं रान उभं करायचं. त्या खुंट्या फटीतून बाजूला पळणारी लहर अडवतात. म्हणजे घट्ट जोडाचा सगळा त्रासच मिटला. टूलरूमची मर्यादा ओळखून केलेलं असं डिझाइन पाहिलं की आनंद होतो.

बाकीची घराणी थोडक्यात. टेराहर्ट्झच्या वरच्या टोकाला लोक नळी सोडून आरसे आणि भिंगांकडे वळतात, प्रकाशाच्या शास्त्राकडे. लेसरच्या स्पंदाने अर्धवाहकावरच्या अँटेनातून टेराहर्ट्झ लहर उठवायची पद्धत १९८०च्या दशकात रुळली. सिलिकॉन खोल खोदून त्यावर सोनं चढवणं, धातूचं थ्रीडी प्रिंटिंग, चिपवरच अँटेना बसवणं, यांची घोडदौड सुरू आहे.

फिल्टरांच्या शाखेकडे नवखे वाचक उशिरा वळतात, म्हणून दोन शब्द. फिल्टरचं मूळ गणित टेलिफोनच्या तारांसाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत झालं. मॅथाई, यंग आणि जोन्स यांच्या १९६४च्या जाड ग्रंथाने ते मायक्रोवेव्हच्या धातूत उतरवलं, आणि १९७०च्या दशकात उपग्रहांसाठी अतिया आणि विल्यम्स यांनी एकाच पोकळीत दोन लहरी नांदवून फिल्टर निम्म्या आकाराचे केले. अंतराळात प्रत्येक ग्रॅमला किंमत असते. आज मिलिमीटर लहरींचे फिल्टर करणारे याच गणिताने सुरुवात करतात, पण मापं ठरवताना यंत्राची चूक आधीच हिशेबात धरतात. माझ्या मते या क्षेत्रातल्या डिझाइनची खरी परीक्षा ड्रॉइंगवरच्या आकड्याची नसून त्या आकड्यापुढच्या अधिक-उण्याची असते. सिम्युलेशनमध्ये देखणा दिसणारा पण पाच मायक्रॉनच्या चुकीने कोसळणारा फिल्टर मी वाईट डिझाइन मानतो, आणि पुस्तकभर हीच फूटपट्टी लावली आहे.

हे सगळं आत्ताच का? जुलै-ऑगस्ट २०२२च्या स्पेक्ट्रम लिलावात २६ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात विकला गेला. महामार्गावर दिसणाऱ्या अनेक नव्या गाड्यांच्या पुढच्या बाजूला ७७ गिगाहर्ट्झच्या आसपासचा रडार बसलेला असतो. तिथे लहर चार मिमीहून थोडी कमी असल्याने बंपरचा प्लास्टिकचा पापुद्रा किती जाड आहे आणि अपघातानंतर गॅरेजवाल्याने त्यावर धातूचे कण असलेल्या रंगाचे किती थर चढवले, यावरही रडारची नजर अवलंबून असते. २०१७ पासून २५२ ते ३२५ गिगाहर्ट्झ पट्ट्यासाठी दळणवळणाचं आंतरराष्ट्रीय मानक अस्तित्वात आहे, आणि मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने ६जीचा आराखडा जाहीर केला. ही सगळी यंत्रं शेवटी कोणाच्या तरी कोरलेल्या, खोदलेल्या, छापलेल्या तुकड्यांवर चालणार आहेत.

तरी उत्साहाच्या भरात खोटं सांगणं मला मान्य नाही. ३०० गिगाहर्ट्झ नरखेडच्या टॉवरवरून गावाला नेट देणार नाही. आमच्याकडच्या मृगाच्या सरींत तासाला ५० मिमी दराने पाऊस पडत असेल, तर २५ गिगाहर्ट्झची लहर किलोमीटरमागे ८ डेसिबलच्या आसपास गमावते आणि ८० गिगाहर्ट्झची जवळपास १९, म्हणजे शंभरातला एक-दीड भाग पलीकडे पोहोचतो. ६० गिगाहर्ट्झला तर कोरड्या हवेतला ऑक्सिजनच किलोमीटरला १५ डेसिबल खातो. गावाचं नेट पुढेही मुख्यतः खालच्या पट्ट्यांवरच येईल. मिलिमीटर लहरींचं काम जवळच्या अंतरावर, टॉवर ते टॉवर, कारखान्याच्या आत, गाडीच्या पुढे.

पण पावसाने लहर खाल्ली जाते, याच दोषाचा उपयोगही करता येतो. २००६ मध्ये इस्रायलच्या हागित मेसर आणि सहकाऱ्यांनी मोबाइल टॉवरांमधल्या मायक्रोवेव्ह दुव्यांचा सिग्नल किती पडला यावरून पाऊस मोजून दाखवला. महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळागणिक आहेत. मंडळातल्या एका गावी ढगफुटी आणि दुसऱ्या गावी कोरडं, हे शेतकऱ्याला रोज दिसतं, केंद्राला दिसत नाही, आणि पीकविम्याचे वाद तिथूनच उठतात. टॉवरांचं जाळं मात्र अधिक दाट आहे. आमच्या ज्या नरखेड तालुक्याने जुलै १९९१ मध्ये वर्धा नदीच्या पुरात मोवाड गाव उद्ध्वस्त होताना पाहिलं, त्या तालुक्यात पाऊस नेमका कुठे आणि किती पडतोय हे वेळेत कळणं जिवाचा प्रश्न आहे. वरून पाहायचं तर २०११ मध्ये भारत आणि फ्रान्सने मिळून सोडलेल्या मेघा-ट्रॉपिक्स उपग्रहावर १८३ गिगाहर्ट्झच्या आसपास हवेतली आर्द्रता मोजणारं उपकरण होतं. अशा उपकरणात हॉर्न लागतो, वेव्हगाइड लागतं, आणि पाण्याच्या रेषेलगतचे अरुंद पट्टे वेगळे करणारे फिल्टरही लागतात.

दुसरा उपयोग संत्र्याच्या बागेतला. १९९५ मध्ये बेल लॅबमध्ये हू आणि नस यांनी टेराहर्ट्झ लहरींनी पहिली चित्रं काढली, त्यांत एक चित्र झाडाच्या पानाचं होतं. पाणी टेराहर्ट्झ लहर जोरात शोषतं, म्हणून ताजं पान गडद दिसतं आणि सुकत गेलं की उजळतं. आमचे बागायतदार आंबिया बहरासाठी डिसेंबर-जानेवारीत आणि मृग बहरासाठी मे महिन्यात झाडाला ताण देतात. पाणी तोडतात, पानं मलूल होऊन गळू लागली की अंदाज घेतात आणि मग पाणी सोडतात. भारी काळ्या जमिनीत ताण बसायला दिवस जास्त लागतात, हलक्या जमिनीत कमी. ताण कमी पडला तर फूल येत नाही, जास्त झाला तर झाडच खचतं. हा अंदाज आज नजरेचा आहे आणि अनुभवी माणसाचा चांगलाही असतो. पानाला न तोडता, न टोचता त्यातलं पाणी आकड्यात सांगणारं हातात धरायचं उपकरण टेराहर्ट्झ लहरींवर होऊ शकतं. तसे प्रयोग जगात झाले आहेत. महाग आहेत ते लहरीचा स्रोत, डिटेक्टर आणि त्यांना जोडणारे छोटे धातूचे भाग. ते भाग स्वस्त कसे करायचे, हा या पुस्तकाच्या कक्षेतला प्रश्न आहे. भीती वाटणाऱ्यांसाठी एवढं सांगतो की १ टेराहर्ट्झच्या फोटॉनची ऊर्जा सुमारे ०.००४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. क्ष-किरणांशी तिचं नातं जोडू नये.

पुस्तकाची मांडणी मुद्दाम मापाने केली आहे, फ्रिक्वेन्सीने नाही. जे साध्या मिलिंग मशिनवर होतं ते आधी, ज्याला वायरकट लागतं ते नंतर, ज्याला सिलिकॉनची स्वच्छ खोली लागते ते शेवटी. प्रत्येक डिझाइनसोबत गणित आहे, पण त्याशेजारी टूलचा व्यास, कोपऱ्याची त्रिज्या, जोडाची जागा आणि पिना कुठे घालायच्या हेही आहे. दोन फ्लँज एकमेकांवर ५० मायक्रॉनने सरकले तर ३०० गिगाहर्ट्झला काय होतं, याला एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. तेवढं ते महत्त्वाचं आहे. मेटामटेरियल, ग्राफीनचे अँटेना आणि क्वांटम कॅस्केड लेसर यांना हात लावलेला नाही. विषय मोठे आहेत, पण आपल्या टूलरूममधून त्यांच्याकडे जाणारी वाट मला अजून स्पष्ट दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या वाटेची माहिती इथे देणं मला योग्य वाटलं नाही.

सुरुवात १० गिगाहर्ट्झच्या तीन पोकळ्यांच्या फिल्टरपासून करावी. ॲल्युमिनियमचा ठोकळा, चांगला व्हर्नियर, एक्स-बँडचा बेंच आणि एखाद्या कॉलेजातला नेटवर्क ॲनालायझर एवढ्यावर तो होतो. पहिला ठोकळा मापाच्या बाहेर गेला तरी फेकू नये. पडद्यांमधली अंतरं मायक्रोमीटरने मोजून लिहून काढावीत, ती सूत्रात घालून फ्रिक्वेन्सी किती सरकायला हवी होती ते काढावं, आणि मग ॲनालायझरवर जी सरकली तिच्याशी ताडून पाहावं. दोन्ही आकडे जुळले की पुढचं प्रकरण उघडावं. तिथे हाच फिल्टर ९४ गिगाहर्ट्झसाठी दिला आहे, आणि त्याच्या ड्रॉइंगवर स्क्रूसाठी एकही भोक नाही.